घर आणि दुकानासाठी आयपी कॅमेरे : जागेच्या नकाशापासून पुराव्याच्या प्रमाणपत्रापर्यंत

कॅमेरे घ्यायला निघालेला माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन दुकानात जातो : चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला पडेल? विक्रेताही त्याच प्रश्नाचे उत्तर देतो, दोन दिवसांत कॅमेरे भिंतीवर लागतात आणि मोबाइलवर चित्र दिसू लागते. त्या चित्राचा उपयोग होतो की नाही हे मात्र गल्ल्यातले पैसे गेल्यावर किंवा दारातली गाडी ठोकरली गेल्यावरच कळते. तोपर्यंत ते चित्रण पुसलेले असते, किंवा चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग असतो. खाली किराणा दुकान आणि वर घर अशी आमची सांगलीतली जागा आहे. तेथे ही यंत्रणा वायरिंगपासून आम्ही घरीच उभी केली आणि पुढे ओळखीच्या काही जणांकडेही बसवून दिली. त्या अनुभवावर हा लेख बेतलेला असून, चार ते आठ कॅमेऱ्यांची, वायरने जोडलेली यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

मूळ रचना थोडक्यात अशी आहे. आयपी कॅमेरा स्वतःच चित्राचे डिजिटल रूप तयार करतो आणि नेटवर्कच्या वायरीतून ते रेकॉर्डरकडे, म्हणजे एनव्हीआरकडे पाठवतो. त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही देता येते, या सोयीला पीओई म्हणतात. जुन्या डीव्हीआर पद्धतीत चित्राची वायर वेगळी आणि विजेची वेगळी असे. ती पद्धत अजून वापरात आहे आणि स्वस्तही पडते, पण नव्याने वायरिंग करायचेच असेल तर आयपी घ्यावे, असे माझे मत आहे.

१. आधी जागेचा नकाशा, मग कॅमेऱ्यांची संख्या

एका कागदावर जागेचा ढोबळ नकाशा काढा आणि प्रत्येक ठिकाणी कोणता प्रश्न सोडवायचा आहे तो लिहा. ‘गल्ल्याजवळ नोटा मोजताना हात दिसले पाहिजेत’, ‘शटरमधून आत येणाऱ्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे’, ‘मागच्या बोळात कोणी फिरत असेल तर एवढे कळले तरी पुरे’ ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि एकाच प्रकारचा कॅमेरा तिन्ही नीट करू शकत नाही. कोपऱ्यात उंचावर लावलेल्या एका कॅमेऱ्यातून अख्खे दुकान दिसते म्हणून आपण समाधान मानतो, पण त्यात ओळखू येईल असा चेहरा एकही नसतो.

पिक्सेलचा हिशेब येथेच करावा लागतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत कामानुसार चित्राची घनता दिली आहे : अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर त्याच्या जागी दृश्याच्या रुंदीत मीटरमागे २५० पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढेच कळायला २५ पिक्सेल लागतात. सर्वत्र मिळणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या लेन्सला आडवे सुमारे १०० अंश दिसते, त्यामुळे चार मीटरवर दृश्याची रुंदी साडेनऊ मीटरच्या आसपास होते. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा २५६० पिक्सेल रुंद चित्र देतो, म्हणजे तेथे मीटरमागे सुमारे २७० पिक्सेल पडतात आणि काम भागते. तोच कॅमेरा दहा मीटरवरच्या फाटकाकडे रोखला तर आकडा १०७ वर येतो आणि ओळखीचा माणूसही खात्रीने सांगता येत नाही. अशा ठिकाणी मेगापिक्सेल वाढवत बसण्यापेक्षा ६ मिलिमीटरची लेन्स घ्यावी. तिला सुमारे ५० अंशच दिसते, पण दहा मीटरवरही मीटरमागे २७० च्या पुढे पिक्सेल मिळतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद असतो, त्यामुळे २.८ च्या लेन्सने चेहऱ्यासाठी तो जेमतेम तीन मीटरपर्यंत पुरतो. विक्रेत्याशी बोलताना ‘किती मेगापिक्सेल?’ याच्या जोडीने ‘लेन्स किती मिलिमीटरची?’ हे विचारल्याशिवाय राहू नका.

शटरसमोरच्या कॅमेऱ्याची आणखी एक अडचण असते. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की दारातला माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. तेथे खरी डब्ल्यूडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि अंधार एकाच चित्रात नीट दाखवणारी सुविधा असलेलाच कॅमेरा लागतो. माहितीपत्रकात तिचा आकडा डेसिबलमध्ये दिलेला असतो. तो १२० असावा, आणि ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ एवढेच लिहिले असेल तर त्यावर विसंबू नये. रात्री गाडीचा नंबर वाचण्याची अपेक्षाही साध्या कॅमेऱ्याकडून धरू नये, कारण हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी पडते आणि त्यासाठी शटरचा वेग वाढवलेला स्वतंत्र कॅमेरा लावावा लागतो.

२. साहित्य

- कॅमेरे : बाहेरच्यांना धूळ-पाणी रोखणारे आयपी६७ दर्जाचे आवरण हवे. हात पोहोचेल तेथे, तोडफोड सोसणारा आयके१० दर्जाचा डोम, म्हणजे घुमटाकार कॅमेरा घ्यावा. वेगळ्या कंपनीच्या एनव्हीआरशी जुळायचे असेल तर ओएनव्हीआयएफ प्रोफाइल टी (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणारे मानक) असल्याची खात्री करावी.
- एनव्हीआर : नवख्याने पीओई पोर्ट अंगचेच असलेला घ्यावा. याचे कारण पुढे सहाव्या पायरीत आले आहे. चार कॅमेरे लावायचे असले तरी आठ चॅनेलचा घेतलेला बरा.
- हार्ड डिस्क : चोवीस तास लेखनासाठी बनवलेली, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या वर्गातली. संगणकातून काढलेली जुनी डिस्क येथे फार दिवस टिकत नाही.
- केबल : शुद्ध तांब्याची कॅट-६, आणि बाहेरून जाणार असेल तर उन्हात न तडकणाऱ्या आवरणाची.
- जंक्शन बॉक्स, पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंग, आरजे-४५ कनेक्टर, क्रिंपिंग टूल, केबल टेस्टर, ड्रिल, शिडी, केबलच्या दोन्ही टोकांना लावायच्या चिठ्ठ्या.
- यूपीएस, आणि रेकॉर्डर ठेवायला कुलपाचे पण हवा खेळणारे कपाट.

केबलच्या बाबतीत फसवणूक हमखास होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून निम्म्या भावात मिळते. तिचा विद्युतरोध तांब्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री आयआर (अंधारात पाहण्यासाठीचे अवरक्त) दिवे पेटले, की विजेची मागणी वाढून तो पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागतो. दोष कॅमेऱ्याचा समजून लोक कॅमेरा बदलून आणतात. घेतानाच एक तार ब्लेडने खरवडून पाहा : आतून चंदेरी निघाली तर बंडल परत करा.

एनव्हीआरच्या पोर्टांऐवजी कॅमेऱ्यांच्या केबली एकत्र जोडून त्यांना वीज देणारा वेगळा पीओई स्विच घेणार असाल तर त्याची एकूण वीजक्षमता पाहा. एका पोर्टमागे ३० वॅट छापलेले असले तरी आठ पोर्टांची मिळून क्षमता ६० वॅटच असू शकते. साधा स्थिर कॅमेरा रात्री साधारण ५ ते १२ वॅट घेतो, तेव्हा बेरीज करूनच स्विच निवडावा. ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी हे मानक त्यावर लिहिलेले नसेल तर तो घेऊ नका. काही स्वस्त स्विच समोर कोणते उपकरण आहे हे न तपासताच वीज सोडतात.

३. कागदपत्रे आणि परवानग्या

भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने तिला सायबर सुरक्षेच्या चाचण्यांची अट जोडली आणि ती अट ९ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. कॅमेऱ्यावर किंवा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते दुकानातच पाहावे. बिलावर प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीसाठी तो लागतोच, आणि उद्या कॅमेराच चोरीला गेला तर तक्रारीत तोच द्यावा लागतो.

गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर जिना, लिफ्टसमोरची जागा, वाहनतळ या सामाईक जागा आहेत. तेथे कॅमेरा लावण्याआधी व्यवस्थापक समितीकडे लेखी अर्ज करा आणि कॅमेऱ्यात काय दिसणार आहे याचे छायाचित्र सोबत जोडा. शेजाऱ्याचे दार, खिडकी किंवा गच्ची दृश्यात येत असेल तर कॅमेरा वळवा. वळवणे शक्य नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो, त्याने तेवढा भाग कायमचा काळा करता येतो. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा आणि झोपण्याची खोली येथे कॅमेरा लावायचाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार एखाद्याच्या खासगी अंगाचे संमतीवाचून चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घर आपले असले तरी मोकळीक नाही : एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असा निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. दुकानात ‘येथे सीसीटीव्ही चित्रण चालू आहे’ अशी पाटी दर्शनी भागात लावा आणि नोकरांना कॅमेरे कोठे आहेत ते आधीच सांगा.

४. चित्रण किती दिवस राहील याचा हिशेब

‘एक टीबी टाकून देतो, महिनाभर राहते’ हे वाक्य विश्वास ठेवण्याजोगे नाही. हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे चित्राच्या माहितीचा वेग, सेकंदाला ४ मेगाबिट असेल तर दिवसाला ४३.२ जीबी लागतात, चार कॅमेऱ्यांना सुमारे १७३ जीबी आणि तीस दिवसांना ५.२ टीबी. दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे चित्रण दाबून लहान करणाऱ्या एच.२६५ पद्धतीने २ मेगाबिटवर चालवले तर हेच काम २.६ टीबीत होते. या २ मेगाबिटच्या हिशेबाने एक टीबीत चार कॅमेऱ्यांचे साडेअकरा दिवस मावतात. शिवाय चार टीबीची डिस्क रेकॉर्डरवर ३.६ टीबीच दिसते. त्यात कोणी फसवलेले नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

हालचाल झाली तरच चित्रण करायचे, म्हणजे जागा वाचेल, असा सल्ला दिला जातो. दुकानासाठी मला तो पटत नाही. पावसाच्या धारा, दिव्याभोवतीचे किडे, वाऱ्याने हलणारी ताडपत्री यांनी चित्रण भरत राहते, आणि दूरवरची संथ हालचाल मात्र कधी कधी निसटते. सलग चित्रण ठेवा आणि हालचालीची खूण त्यावर वेगळी उमटू द्या, शोधायला ती पुरते. किमान तीस दिवस ठेवा, कारण मालाच्या साठ्यातली तूट बहुधा महिनाअखेरीसच ध्यानात येते.

५. भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर जुळणी

सगळे सामान आधी टेबलावर मांडून लहान केबलींनी जोडा. वेगळा स्विच वापरत असाल तर कॅमेरे एकेक करूनच जोडा, कारण काही कॅमेऱ्यांचा कारखान्यातून आलेला पत्ता एकसारखाच असतो आणि दोन एकदम लावले तर एकही नीट सापडत नाही. प्रत्येकाला वेगळा स्थिर पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०१ पासून पुढे, आणि ‘कॅमेरा १’ असे न लिहिता ‘गल्ला’, ‘शटर’, ‘मागचे दार’ अशी नावे द्या.

घड्याळ याच वेळी लावा. कालविभाग +५:३० निवडा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी सोय करा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळेचा सर्व्हर त्यासाठी उपलब्ध आहे. उन्हाळी वेळेचा पर्याय बंदच ठेवा, तो चुकून चालू राहिला तर वर्षातले काही महिने घड्याळ एक तास पुढे धावते.

हे सगळे एक रात्रभर चालू ठेवून सकाळी चित्रण तपासा. सदोष कॅमेरा शिडीवरून उतरवण्यापेक्षा टेबलावरून उचलून परत देणे केव्हाही सोपे.

६. वायरिंग, बसवणी आणि नेटवर्कची सुरक्षा

एका केबलीची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नका, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर तिच्या मार्गाने रेकॉर्डरपर्यंत सगळे जळू शकते. तेथे फायबर टाकावे. कनेक्टरमधल्या तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा असावा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागल्याशिवाय कॅमेरा जोडू नका.

चेहऱ्यासाठीचा कॅमेरा आठ ते नऊ फुटांवर पुरे. त्याहून उंच गेला की डोकी आणि टोप्याच दिसतात. बाहेरच्या कॅमेऱ्याचा जोड भिंतीवर लोंबता न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये घ्या, सोबत आलेली रबरी टोपी कनेक्टरवर नीट आवळा, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी केबलीवरून ओघळत आत न जाता त्या वळशाच्या तळाशी ठिबकते. कोकणात आणि किनाऱ्यालगत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, तेथे स्टेनलेस स्टीलचेच वापरा. डोमची काच बोटांच्या ठशांनी माखली तर रात्री आयआरचा प्रकाश आतच परतून चित्र धूसर होते, म्हणून काचेवरची संरक्षक फिल्म शेवटी काढा. सगळे झाल्यावर रात्री दिवे मालवून एकाने दारातून चालत यावे आणि दुसऱ्याने पडद्यावर चेहरा दिसतो का ते पाहावे.

नेटवर्कच्या सुरक्षेला मात्र घाई चालत नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याच जोरावर डिन या, वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतील अनेक मोठ्या वेबसाइट काही तास कोलमडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा पकडलेल्यांमध्ये महाराष्ट्रातले तरुणही होते. तेव्हा पुढील गोष्टी सोडू नका.

पहिली गोष्ट म्हणजे मालकी. बसवणारा माणूस सोयीसाठी रेकॉर्डर स्वतःच्या मोबाइलवरच्या खात्याला जोडतो आणि तुम्हाला त्यातून ‘शेअर’ करून देतो. तुम्हाला चित्र दिसते, म्हणून शंका येत नाही, परंतु उपकरणाचा मालक तोच राहतो. खाते तुमच्या मोबाइल क्रमांकावर, तुमच्या ओटीपीने, तुमच्यासमोर उघडले गेले पाहिजे. रेकॉर्डरचा मुख्य पासवर्डही तुम्ही स्वतः टाका, वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा आणि घरच्यांसाठी फक्त पाहण्याची परवानगी असलेले वेगळे खाते करा.

दुसरी गोष्ट, कॅमेरे इंटरनेटपासून दूर ठेवणे. एनव्हीआरच्या अंगच्या पीओई पोर्टांना जोडलेले कॅमेरे त्याच्या आतल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये राहतात, घरच्या वायफायवरून कोणी थेट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच नवख्याला मी तोच एनव्हीआर सुचवतो. वेगळा स्विच असेल तर राउटरमध्ये कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचे वेगळे नेटवर्क करून घ्या.

तिसरी गोष्ट, राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत येण्याची वाट) आणि यूपीएनपी (ती वाट आपोआप उघडणारी सोय). दोन्ही बंद ठेवा. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही दिसत नाही आणि माणूस विनाकारण सेटिंग बदलत बसतो. कंपनीच्या ॲपमधून पाहणे बहुतेकांना पुरते. त्यावर भरवसा नसेल तर राउटरवर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त मार्ग लावता येतो. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या आणि ते चढवत असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्या.

७. वीज गेल्यावर

चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ५० ते ६० वॅट घेतात. ६०० व्हीएच्या लहान यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी हा भार पाऊण तासाच्या आसपास ओढते. भारनियमन असलेल्या भागात हे पुरणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस त्याच्या लाइनवर जोडा, म्हणजे दोन्हींच्या बदलाच्या क्षणी रेकॉर्डर बंद पडत नाही. राउटर यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात आणि मग ऐन अंधारात मोबाइलवर काही दिसत नाही.

८. चित्रण बाहेर काढणे आणि पुरावा म्हणून देणे

याचा सराव काही घडण्याआधीच करा. रेकॉर्डरला पेन ड्राइव्ह लावून ‘गल्ला’ कॅमेऱ्याची कालची दहा मिनिटे काढा आणि ती दुसऱ्या संगणकावर चालतात का ते पाहा. काही कंपन्यांच्या फाइलींना त्यांचाच प्लेअर लागतो, तोही त्याच पेन ड्राइव्हवर घ्या.

घटना घडल्यावर सर्वांत आधी रेकॉर्डरचे घड्याळ आणि मोबाइलचे घड्याळ एकाच छायाचित्रात टिपा, म्हणजे दोन्हींतला फरक पुढे सांगता येतो. मग घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून, जवळपासच्या सगळ्या कॅमेऱ्यांचे चित्रण काढा. रेकॉर्डरमध्ये फाइल ‘लॉक’ करण्याची सोय असेल तर तीही वापरा, कारण डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते.

न्यायालयात अशी प्रत नुसती देऊन भागत नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण हाच कळीचा मुद्दा होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर न करता प्रत दिली तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र सोबत असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे : भाग ‘अ’ उपकरण सांभाळणाऱ्याने, म्हणजे तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला क्रमांक. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी तो वेगळा येतो. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने तो काढता येतो. फाइल काढल्याबरोबर काढून बिलाच्या प्रतीजवळ लिहून ठेवा. पोलिसांना प्रत देताना पोच घ्या, आणि त्यांनी रेकॉर्डर किंवा डिस्कच ताब्यात घेतली तर पंचनाम्यात तिचा अनुक्रमांक आला आहे की नाही हे सही करण्याआधी वाचा.